हवेच्या मोजणीच्या मूळ नोंदी सरकारी कार्यालयांकडून कशा मागाव्यात?

कुळागरवासी (डिचोली तालुका)

सर्वांस नमस्कार. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून डिचोली तालुक्यात खाणीलगतच्या एका गावात राहते. दिवाळी झाली, पाऊस पुरता ओसरला आणि खनिज मालाचे ट्रक रस्त्याला लागले की आमच्या कुळागरातील रस्त्याकडच्या पोफळी पंधरा दिवसांत तांबूस दिसू लागतात, आणि अंगणात वाळत घातलेले कपडे झाडल्याशिवाय घरात नेता येत नाहीत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आणि पुढे मार्च २०१८ पासून पुन्हा बंद झाल्या तेव्हा हाच रस्ता बराच काळ मोकळा होता, त्यामुळे ट्रक असताना आणि नसताना काय फरक पडतो हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ग्रामसभेत मात्र एवढे सांगून भागत नाही. तिथे कोणीतरी उठून म्हणतेच, "बाई, आकडा दाखवा."

तो आकडा मिळावा म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही, कारण चूक बहुधा माझ्या अर्जातच होती असे मला आता वाटू लागले आहे. आमच्या गावची हवा आरोग्याला घातक आहे काय, असल्यास ट्रकवाहतूक का थांबवली नाही, आणि गेल्या दहा वर्षांतील हवेच्या प्रदूषणासंबंधीची सर्व माहिती मिळावी, असे तीन मुद्दे मी लिहिले होते. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. पहिल्या दोन मुद्द्यांपुढे "हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असा शेरा आहे. तिसऱ्यापुढे "आपल्या गावात मोजणी केंद्र नाही, जवळच्या केंद्राची माहिती सोबत जोडली आहे" असे लिहून एक पान जोडलेले आहे. त्या पानावर बारा महिन्यांच्या बारा सरासऱ्या आहेत आणि त्यांतील एकही मर्यादेबाहेरची नाही.

मला विचारायचे ते असे. या बारा आकड्यांच्या मागे रोजच्या किंवा आठवड्याच्या मोजणीच्या काही नोंदी असणारच. त्या सामान्य नागरिकाला मागता येतात काय, आणि मागायच्या तर कोणत्या शब्दांत? गावात केंद्रच नसेल तर आमच्या गावच्या हवेची नोंद दुसऱ्या कोणत्या कागदात सापडू शकते काय? आणि आलेल्या उत्तरावर अपील करावे, की झाले ते सोडून नवा अर्ज करावा?

दुसरे_अपील (फोंडा)

बाई, उत्तर कोरडे असले तरी पहिल्या दोन मुद्द्यांपुरते ते कायद्याला धरून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच २००८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले होते की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन देणे हे "माहिती" या शब्दात येत नाही. पुढे २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कार्यालयाकडे जी माहिती अस्तित्वात आहे तीच द्यावी लागते. अर्जदारासाठी नवी माहिती तयार करण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. हे निवाडे ऐकून पुष्कळ अर्जदार हिरमुसतात. मला ते उपयोगी वाटतात, कारण अर्ज कसा लिहावा हेच त्यातून कळते. कार्यालयाला स्वतःच्या कामासाठी जो कागद ठेवावाच लागतो, त्या कागदाचे नाव घेऊन तो कागद मागायचा. "हवा घातक आहे काय" याचे उत्तर कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते, पण अमुक दिवशी फिल्टरवर किती धूळ बसली हे लिहिलेले असते.

आपला तिसरा मुद्दा दुसऱ्या टोकाला गेला आहे. "दहा वर्षांची सर्व माहिती" असे लिहिले की कलम ७(९) चा आधार घेऊन, माहिती या स्वरूपात दिल्यास कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी प्रमाणात खर्ची पडेल, असे सांगायला वाट मिळते. त्याच कलमाचे पहिले अर्धे वाक्य मात्र अर्जदाराच्या बाजूचे आहे: माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावी. कलम २(च) मधील माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील विदा (डेटा) स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे, आणि कलम २(ञ) प्रमाणे नोंदींची पाहणी करणे, टिपणे काढणे, प्रमाणित प्रती घेणे आणि संगणकात साठवलेली माहिती त्याच स्वरूपात घेणे हे सर्व आपल्या अधिकारात येते. आजकाल हे आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरलेले असतात. ती फाइलच मागावी. छापील पाने मागितली की पानामागे पैसे जातात, आणि घरी बसून शेकडो आकडे हाताने पुन्हा उतरवून घ्यावे लागतात ते वेगळेच.

मोजणी कार्यालयाने स्वतः न करता खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतली असेल तरी बिघडत नाही. माहिती सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली असली की पुरे, असे कायदा म्हणतो; त्यामुळे "कागद ठेकेदाराकडे आहेत" एवढ्या उत्तरावर गप्प बसू नये.

कोठे मागावे हा प्रश्न गोव्यात थोडा सोपा आहे. राज्याची हवा मोजण्याचे काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे आणि त्याचे कार्यालय साळगाव येथे आहे. खनिज वाहतुकीचे कागद पणजीच्या खाण आणि भूगर्भ खात्याकडे असतात. अर्ज चुकीच्या दारी गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, म्हणून पत्त्याच्या काळजीने अर्ज अडवून ठेवू नये. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, आणि माहिती कशासाठी हवी हे लिहिण्याची सक्ती नाही. मी तर लिहूच नका असे सांगेन, कारण ग्रामसभा, ट्रक, आंदोलन हे शब्द अर्जात दिसले की उत्तर देणारा माणूस आधी सावध होतो आणि मग उत्तर लिहितो.

भाषेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी ही राजभाषा असून शासकीय कामासाठी मराठीचाही वापर व्हावा अशी तरतूद आहे, तेव्हा मराठीतून खुशाल अर्ज करावा. फक्त प्रदूषकांची नावे कार्यालयाच्या तक्त्यात असतात तशीच लिहावीत. "धुळीचे प्रमाण" असे मोघम लिहिण्यापेक्षा "पीएम १०" आणि "पीएम २.५" (म्हणजे दहा आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) लिहिलेले बरे.

अपिलाबाबत माझे मत असे की पहिल्या दोन मुद्द्यांवर वेळ घालवू नये. तिसऱ्या मुद्द्यावर, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येईल, आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. पण मूळ अर्जच ढिला असेल तर अपीलही ढिलेच राहते. दहा रुपयांचा नवा, नेटका अर्ज अधिक लवकर फळ देतो.

फिल्टरपेपर (मडगाव)

कुळागरवासी बाई, मी अनेक वर्षे एका प्रयोगशाळेत हवेचे नमुने घेण्याचे काम केले आहे. कायद्याचा भाग वरील बाबांनी चांगला सांगितला. त्या बारा सरासऱ्यांच्या पोटात काय असते ते मी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नेमके काय मागायचे हे ठरत नाही.

राष्ट्रीय वायू गुणवत्ता मोजणी कार्यक्रमाखालील हस्तचालित केंद्रावर रोज मोजणी होत नाही. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी चोवीस तास, अशी ती होते, म्हणजे वर्षाला १०४ मोजण्या. त्या चोवीस तासांत धुळीसाठी दर आठ तासांनी आणि वायूंसाठी दर चार तासांनी नमुना बदलतात. पीएम १० च्या यंत्रात काचतंतूचा एक पांढरा कागद बसवलेला असतो. तो आधी तोलायचा, त्यातून आठ तास हवा ओढायची आणि मग पुन्हा तोलायचा. यंत्र मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढत असेल तर आठ तासांत ५२८ घनमीटर हवा कागदातून जाते. कागदाचे वजन ५२.८ मिलिग्रॅमने वाढले तर हिशेब बरोबर १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर येतो, आणि पीएम १० ची चोवीस तासांची मर्यादाही शंभरच आहे. चिमूटभरही न भरणाऱ्या धुळीवर सगळा निकाल अवलंबून असतो. पीएम २.५ चे यंत्र तासाला साधारण एक घनमीटरच हवा ओढते, म्हणून तिथे ६० च्या मर्यादेला चोवीस तासांत दीड मिलिग्रॅमसुद्धा धूळ लागत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कागद स्वतःच ओलावा धरतो. तोलण्यापूर्वी तो ठरावीक आर्द्रतेत ठेवला नाही, तर वजनाचा आकडा कागदाचा की धुळीचा हे सांगता येत नाही.

ही सर्व टिपणे ज्या कागदावर असतात त्याला आम्ही फील्ड शीट म्हणत असू. त्यावर केंद्राचे नाव, दिनांक, यंत्र सुरू आणि बंद केल्याची वेळ, सुरुवातीचा व शेवटचा प्रवाह, फिल्टरचा क्रमांक आणि शेऱ्याचा रकाना असतो. आधीचे व नंतरचे वजन त्याच शीटवर किंवा प्रयोगशाळेच्या वहीत असते. शेऱ्याचा रकाना मुद्दाम वाचावा. "वीज नव्हती", "पाऊस", "यंत्र नादुरुस्त" असे त्यात लिहिलेले असते, आणि महिन्याच्या सरासरीत यातील अवाक्षरही उतरत नाही. मार्च महिन्यातील आठ-नऊ मोजण्यांपैकी चारच झाल्या असतील, तर त्या चारांची सरासरीही "मार्चची सरासरी" म्हणूनच छापली जाते.

आता मर्यादेबद्दल. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषक आहेत. पीएम १० साठी वार्षिक सरासरी ६० आणि चोवीस तासांसाठी १००, पीएम २.५ साठी अनुक्रमे ४० आणि ६०. महिन्याच्या सरासरीसाठी मानकच नाही! आपल्याला पाठवलेल्या पानावर बारा सरासऱ्या मर्यादेत असल्याचे दिसते, ते कोणत्या मर्यादेशी ताडून, हा प्रश्न त्या पानाला विचारावासा वाटतो. शंभराच्या मर्यादेशी महिन्याची सरासरी ताडली की जवळजवळ कोणताही महिना उत्तीर्ण होतो. मानकाच्या तळटिपेत दोन अटी आहेत आणि त्या क्वचितच कोणी वाचतो. वार्षिक सरासरी काढायला वर्षातून किमान १०४ मोजण्या, आठवड्यातून दोन, समान अंतराने घेतलेल्या असाव्यात. आणि चोवीस तासांची मर्यादा वर्षातील ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे. उरलेल्या दोन टक्के वेळा ती ओलांडली तरी मोजणीच्या लागोपाठच्या दोन दिवशी ओलांडता कामा नये. एकशे चारचे दोन टक्के म्हणजे दोन दिवस. तिसरा दिवस निघाला की मानक मोडले. हे पडताळायला प्रत्येक मोजणीचा दिनांक आणि आकडा हातात हवा. सरासरीचा इथे काही उपयोग नाही.

गोव्याच्या बाबतीत वार्षिक सरासरीला आणखी एक मोठा आडोसा मिळतो, तो पावसाळ्याचा. एक काल्पनिक हिशेब मांडतो. १०४ पैकी ३५ मोजण्या पावसाळ्यातील आहेत आणि त्यांची सरासरी ३० आहे. उरलेल्या ६९ मोजण्या कोरड्या दिवसांतील असून त्यांची सरासरी ७५ आहे असे धरा. वर्षाची सरासरी ५९.९ येते, म्हणजे मर्यादेच्या आत. आठ महिने ७५ ची धूळ खाल्लेल्या माणसाला कागदावर मात्र स्वच्छ हवा मिळाली. यात कोणी लबाडी केलेली नसते, गणितच तसे आहे. म्हणून महिन्यांनी आणि दिवसांनी सुटे केलेले आकडे मागायचे.

सडावासी (वास्को)

वरील दोन्ही उत्तरांत बाईंचा दुसरा प्रश्न, म्हणजे गावात केंद्र नसेल तर काय, हा राहून गेला आहे. मुरगाव तालुक्यात आम्ही याच प्रश्नाशी वर्षानुवर्षे झगडत आलो आहोत. तुमच्याकडे लाल धूळ, आमच्याकडे काळी. ती कोठून येते या वादात इथे शिरत नाही.

आपल्या गावचा आकडा बहुधा सरकारी केंद्राच्या तक्त्यात नसून खाणीच्या स्वतःच्या कागदांत असतो. खाणीला पर्यावरणीय मंजुरी देताना, खाणीच्या आत आणि भोवतालच्या परिसरात हवा मोजणीच्या जागा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने ठरवाव्यात आणि तिथले आकडे नियमितपणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला व मंडळाला कळवावेत, अशी अट सर्रास घातलेली असते. या जागा अनेकदा आसपासच्या गावांच्या नावानेच ओळखल्या जातात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पधारकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. त्याच परिच्छेदात, हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि मागणाऱ्या कोणाही व्यक्तीला त्यांची प्रत द्यावी, असे लिहिले आहे. त्यामुळे "ही कंपनीची व्यापारी गुपिते आहेत" असे म्हणून कलम ८(१)(घ) पुढे करायला इथे जागाच राहत नाही.

याच्याही आधीचा आकडा हवा असेल तर मंजुरीपूर्वीचा आघात मूल्यांकन अहवाल पाहावा. त्यात साधारणपणे दहा किलोमीटर परिसरातील काही गावांत पावसाळा वगळून एका हंगामात केलेली मोजणी असते. जनसुनावणीच्या वेळी हा अहवाल आणि स्थानिक भाषेतील त्याचा सारांश जिल्हाधिकारी व जिल्हा पंचायत यांच्या कार्यालयांत ठेवतात. मंजुरीपत्राची प्रत पंचायतीलाही पाठवावी लागते आणि पंचायतीने ती तीस दिवस लावून ठेवायची असते, म्हणून पहिला शोध सरपंचांच्या कपाटात घ्यावा. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी सगळे जण ते पत्र राजधानीत शोधत होते आणि ते पंचायतीच्या एका फायलीत तीन वर्षे पडून होते.

१९८१ च्या हवा कायद्याच्या कलम ५१ चाही उपयोग होतो. मंडळाने ज्यांना संमती दिली त्यांची नोंदवही ठेवायची असते. तीत उत्सर्जनाची ठरवून दिलेली मानके असतात, आणि हितसंबंधित किंवा बाधित व्यक्तीला ती कामकाजाच्या वेळेत पाहता येते. हा अधिकार माहिती अधिकार कायद्याच्या चोवीस वर्षे आधीपासून आहे, पण तो मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. (मीही मागितलेला नाही, हे कबूल करतो.)

आमच्यासारख्या बंदराकाठच्या लोकांसाठी एवढेच की मुरगाव बंदर प्राधिकरण हे केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. त्यांच्याकडील नोंदींसाठी अर्ज केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो आणि दुसरे अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. पणजीच्या राज्य आयोगाकडे ते दाखल करण्यात एका शेजाऱ्याचे चार महिने गेले.

नवा_सत्तरीकर (वाळपई)

मी या विषयात नवीन आहे, म्हणून दोन शंका. हवा म्हणजे जीविताचा प्रश्न. मग कायद्यातील अठ्ठेचाळीस तासांची तरतूद लावून दोन दिवसांत माहिती मागता येणार नाही काय? आणि मोबाइलवर "समीर" ॲपमध्ये हवेचा निर्देशांक दिसतो, तर एवढा खटाटोप कशासाठी?

दुसरे_अपील (फोंडा)

अठ्ठेचाळीस तासांची तरतूद एखाद्या व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा तातडीचा प्रश्न असेल तेव्हासाठी आहे. मागच्या वर्षीच्या मोजणीच्या नोंदींना ती लावली तर अर्ज फेटाळला जात नाही, पण तीस दिवसांच्या साध्या अर्जासारखाच हाताळला जातो आणि अर्जदार उतावीळ ठरतो तो वेगळा. तीस दिवस उलटूनही माहिती न मिळाल्यास कलम ७(६) प्रमाणे ती विनाशुल्क द्यावी लागते, आणि वाजवी कारणाशिवाय विलंब केल्यास आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, दंड करू शकतो. ही मुदत साधी असली तरी तिला दात आहेत.

निर्देशांकाबद्दल फिल्टरपेपर बाब अधिक सांगतील, पण ॲपवरील रंग दुसऱ्या दिवशी बदललेला असतो आणि त्यावर कोणाची सही नसते. आयोगापुढे किंवा हरित लवादापुढे प्रमाणित प्रत चालते.

फिल्टरपेपर (मडगाव)

निर्देशांक हा अनेक प्रदूषकांवरून काढलेला एकच गुण आहे. त्यासाठी आठ प्रदूषक विचारात घेतात. त्यांपैकी किमान तिघांचे आकडे लागतात, आणि त्या तिघांत पीएम १० किंवा पीएम २.५ असावाच लागतो. शून्य ते पन्नास "चांगली", एक्कावन्न ते शंभर "समाधानकारक", अशा पायऱ्या वर पाचशेपर्यंत जातात. सकाळी फिरायला जावे की नाही हे ठरवायला तो ठीक आहे. पण तो जवळच्या केंद्राचा असतो, आणि वाळपईहून जवळचे म्हणजे किती जवळचे हे ॲप सांगत नाही.

कुळागरवासी (डिचोली तालुका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पंचायतीत जाऊन आले. मंजुरीपत्र सापडले, आणि त्याच्या अटींत हवा मोजणीच्या जागांचा उल्लेख आहे. म्हणून दोन वेगवेगळे अर्ज तयार केले आहेत. एकात खाणीने दिलेले मागील सहा सहामाही अहवाल, हवा मोजणीच्या जोडपत्रांसह, मागितले आहेत. दुसरा अर्ज असा:

"आपल्या जवळच्या अमुक हस्तचालित केंद्रावर मागील वर्षाच्या १ ऑक्टोबर ते चालू वर्षाच्या ३१ मे या काळात घेतलेल्या प्रत्येक चोवीस तासांच्या मोजणीचा दिनांक आणि पीएम १० व पीएम २.५ चे आकडे, संगणकावरील मूळ तक्त्याच्या स्वरूपात द्यावेत. याच काळातील सर्व फील्ड शीटच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. मोजणी न झालेल्या दिवसांची कारणे द्यावीत."

शेवटच्या वाक्यात "कारणे" हा शब्द आल्यामुळे पुन्हा पहिल्यासारखाच शेरा येईल काय, अशी भीती वाटते. तसेच खाण खात्याकडून आमच्या रस्त्यावरील ट्रकफेऱ्यांची दिवसवार नोंद मागावी असे मनात आहे, म्हणजे धुळीचा आकडा आणि फेऱ्यांचा आकडा शेजारी शेजारी मांडता येतील.

दुसरे_अपील (फोंडा)

भीती रास्त आहे. "कारणे द्यावीत" ऐवजी "मोजणी न झालेल्या दिवसांसंबंधी नोंदवहीत अथवा फील्ड शीटवर केलेल्या शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात" असे लिहावे. गोष्ट तीच, पण आता मागणी कार्यालयात आधीच लिहून ठेवलेल्या कागदाची आहे. ट्रकफेऱ्यांचा अर्ज तिसरा आणि स्वतंत्र ठेवावा. २०१३ च्या गोव्यातील नियमांप्रमाणे खनिज वाहतुकीला परवाना लागतो, म्हणून "दिलेल्या वाहतूक परवान्यांची दिवसवार यादी, लोडिंगचे आणि उतरवण्याचे ठिकाण यांसह" असे मागितल्यास ती नोंद अस्तित्वात नाही असे म्हणता येणार नाही. एकाच अर्जात तीन खात्यांचे विषय भरले की तो हस्तांतरणातच महिनाभर फिरतो.

आणखी एक जागा पाहून ठेवावी. गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर आमदारांच्या लेखी प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरे जोडपत्रांसह असतात. आपण ज्याला एलएक्यू म्हणतो ती हीच. कधी कधी हवा असलेला तक्ता तिथे आधीच ठेवलेला सापडतो आणि दहा रुपयेही वाचतात.

फिल्टरपेपर (मडगाव)

बाई, मसुद्यात मी तीन दुरुस्त्या सुचवतो. कालावधी ऑक्टोबर ते मे न ठेवता पूर्ण वर्षाचा ठेवा. पावसाळ्यात धूळ कमी असते हे खरे, पण त्या महिन्यांशिवाय वर्षाच्या १०४ मोजण्या पूर्ण झाल्या की नाही हे मोजता येणार नाही, आणि पावसाळ्याने सरासरी किती खाली ओढली हेही दाखवता येणार नाही.

दुसरे, सगळ्या फील्ड शीट मागू नका. प्रत्येक दिवशी धुळीच्या तीन पाळ्या असतात, म्हणजे वर्षाचे तीनशेहून अधिक कागद झाले. तिथे कलम ७(९) पुन्हा आड येईल. आधी तक्ता घ्या. त्यात ज्या पाच-सहा दिवसांचे आकडे संशयास्पद वाटतील, म्हणजे भर ट्रकवाहतुकीच्या दिवसांत अचानक फार कमी किंवा लागोपाठ अगदी सारखे असतील, तेवढ्याच दिवसांच्या शीट आणि त्या दिवसांतील फिल्टरच्या वजनांच्या नोंदी नंतरच्या वेगळ्या अर्जात मागा, किंवा प्रत्यक्ष पाहणीची वेळ मागून घ्या. पाहणीला जाताना वजनांची वहीही समोर ठेवायला सांगा. फील्ड शीटवरील फिल्टर क्रमांक आणि वहीतील क्रमांक जुळतो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

तिसरी दुरुस्ती केंद्राच्या नावाची. "आपल्या जवळचे केंद्र" असे लिहू नका. राज्यातील केंद्रांच्या यादीत आमोणे, होंडा, उसगाव-पाळी, कोडली, कुंडई अशी नावे आहेत. यादीत जसे लिहिले असेल तसेच ते नाव उतरवून घ्या. सोबत त्या केंद्राचे अक्षांश-रेखांश, यंत्र बसवलेल्या जागेचे वर्णन आणि हवा ओढणाऱ्या तोंडाची जमिनीपासूनची उंची यांची नोंदही मागा. ही उंची तीन ते दहा मीटरच्या दरम्यान असावी असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मार्गदर्शन आहे. आपल्या अंगणातील धूळ आणि दुसऱ्या गावातील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरची धूळ यांची तुलना करण्याआधी ती गच्ची रस्त्यापासून किती दूर आणि किती उंच आहे हे ग्रामसभेत कोणीतरी विचारणारच आहे.